डॉ. आनंदीबाई जोशी यांची विद्यार्थिदशा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा विषय शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. आपल्या मंडळाच्या अभ्यासिकेत संध्याकाळी बसणाऱ्या मुलींपैकी चार-पाच जणी तरी दरवर्षी डॉक्टर होण्याच्या ईर्षेने अभ्यास करीत असतात. त्यांच्या आया येता-जाता मला गाठतात. तुमच्या मुलीने वैद्यकीचा अभ्यास केला आहे, तेव्हा आम्हाला चार गोष्टी सांगा, असा त्यांचा आग्रह असतो. क्लास कोणता लावावा, कॉलेज कोणते बरे, खर्च किती येतो, हे त्यांचे प्रश्न. मला ठाऊक असते तेवढे मी सांगते. पण त्या निघून गेल्या की दर वेळी वाटते, मुख्य सांगायचे ते राहूनच गेले. आज ते लिहून काढते. मात्र त्यासाठी माझ्या मुलीच्या आधी आपल्या कल्याणच्याच एका मुलीची हकीकत सांगायला हवी.

डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव आपल्यापैकी कोणाला नवे नाही. शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा असतो, भाषणात त्यांचे नाव येते. त्या अमेरिकेला गेल्या, डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि लवकर वारल्या, एवढे सर्वांना पाठ असते. गेल्या आणि परत आल्या यांच्या मधली जी तीन-साडेतीन वर्षे, ती मात्र कोणी फारशी पाहत नाही. मला त्याच वर्षांबद्दल लिहायचे आहे. बाकीचे थोडक्यात सांगते.

कल्याणच्या जोश्यांची ही यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी, १८७४ साली, तिचे लग्न गोपाळ विनायक जोशी यांच्याशी झाले. ते पोस्टात कारकून होते, बिजवर होते आणि तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोला शिकवायला मिळाले पाहिजे, ही त्यांची लग्नातली अट. लोक हुंड्याची अट घालीत त्या काळात हा गृहस्थ ही अट घालीत होता, याचे नवल वाटल्याखेरीज राहत नाही. लग्नात तिचे नाव आनंदी ठेवले.

गोपाळरावांविषयी लिहिताना माझा हात नेहमी अडखळतो. त्यांच्यावाचून आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या, हे खरे. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात दिसली म्हणून त्यांनी या लहान मुलीला मारले, हेही खरे. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी या माराचा हिशेब वर्षावार मांडला आहे. दहाव्या वर्षी काय फेकून मारलेत, बाराव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी कशी दिलीत, हे सर्व त्यात आहे. त्याच पत्रव्यवहारात त्यांनी नवऱ्याचे उपकारही मानले आहेत. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली आली, तेव्हापासून आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कादंबरीतले गोपाळराव उभे असतात. ती कादंबरी मलाही आवडते. पण ज्यांना खरे माणूस पाहायचे असेल त्यांनी काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र मिळवून वाचावे. एका बाईने दुसऱ्या बाईचे लिहिलेले, म्हणून त्यात पुष्कळ बारकावे आहेत.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, ही टोचणी त्यांना लागून राहिली. तेव्हा आपल्या बायका पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नसत. त्यापेक्षा मरण पत्करीत. म्हणून डॉक्टरीण हवी, आणि ती मीच का होऊ नये, असा त्यांचा विचार झाला. पुढे जाण्यापूर्वी एक नोंदवते. अभ्यासिकेतल्या मुलींना मी कधीकधी विचारते, की तुला डॉक्टर का व्हायचे आहे? पुष्कळ जणी गोंधळतात, आईकडे पाहतात. आनंदीबाईंना हा प्रश्न विचारावा लागला नसता.

गोपाळरावांची बदली अलिबागला झाली, मग कोल्हापूरला, मुंबईला, भूजला आणि शेवटी कलकत्त्याकडे. कोल्हापुरात असताना १८७८ साली त्यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. बायकोला अमेरिकेत शिकवायचे आहे, माझी तिकडे काही सोय होईल का, अशी विचारणा होती. ख्रिस्ती व्हाल तर पाहू, अशा अर्थाचे उत्तर आले, आणि हा पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापला गेला. तिथेच ही गोष्ट संपायची, पण १८८० साली न्यू जर्सी प्रांतातल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेला मासिकाचा अंक त्यांनी चाळला आणि त्यांना ते पत्र दिसले. त्यांनी घरी जाऊन आनंदीबाईंना पत्र लिहिले. धर्म बदलण्याची गोष्ट नाही, अट नाही, एका घरंदाज बाईने दुसरीला लिहावे तसे साधे पत्र. तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. परमुलखात विद्यार्थिनीला सगळ्यात आधी जे लागते ते हे माणूस. ते आनंदीबाईंना आगबोटीत चढण्यापूर्वीच मिळाले होते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीतून व्याख्यान दिले. हे श्रीरामपूर बंगालमधले, कलकत्त्याजवळचे. लोक जे जे प्रश्न विचारीत होते ते सगळे त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेलाच का? इथे सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर जात वाळीत टाकील त्याचे काय? आज वाचताना मला दुसरे उत्तर महत्त्वाचे वाटते. मद्रासला मेडिकल कॉलेज आहे, ठिकठिकाणी सुईणपणाचे वर्ग आहेत, हे त्यांना ठाऊक होते आणि ते त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पण तिथले शिक्षण अपुरे आहे आणि शिकवणारे जुन्या मताचे व बायकांविषयी काहीसे मत्सरी आहेत, असे त्यांचे मत होते. म्हणजे त्या हौसेने सातासमुद्रापलीकडे निघाल्या नव्हत्या. जवळचे पर्याय पाहून, तोलून, मगच त्यांनी लांबचा निवडला होता. वाळीत टाकण्याबद्दल म्हणाल तर, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, पेहराव आणि अन्न बदलणार नाही, असे वचन त्यांनी सभेपुढे दिले. त्यांचे वय तेव्हा अठरालाही पोचले नव्हते. हे वचन लक्षात ठेवा, त्याचा पुढे संबंध येणार आहे.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून त्यांची बोट सुटली. गोपाळराव मागे राहिले. सोबतीला नात्याचे कोणी नाही, ओळखीच्या मिशनरी बायका तेवढ्या बोटीवर. ४ जूनला न्यूयॉर्कला बोट लागली तेव्हा मावशी धक्क्यावर उभ्या होत्या. उन्हाळा रोझेलला मावशींच्या घरी गेला, आणि तिथूनच जूनच्या अखेरीस त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या कॉलेजला प्रवेशासाठी अर्ज केला.

हा अर्ज आपल्या अभ्यासिकेच्या भिंतीवर लावावा असे मला फार दिवस वाटते. त्यात फुशारकी नाही आणि रडगाणेही नाही. वय अठरा, असे सरळ सांगितले आहे. शाळेचे रीतसर शिक्षण फारसे नाही. गणित, भूगोल, इतिहास, व्याकरण किती झाले तेवढेच लिहिले आहे. मराठी, हिंदुस्थानी, संस्कृत, बंगाली, गुजराती, कानडी आणि इंग्रजी अशा सात भाषा येतात. (पोस्टातल्या बदल्यांचा हा एक फायदा!) कॉलेजच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकत नाही हे त्यांनी लपवले नाही. आपण कशासाठी आलो, आपल्या देशातल्या बायकांना कशाची गरज आहे आणि कोणकोणाचा विरोध सोसून इथवर पोचलो, हे मात्र ठामपणे मांडले. ज्या निश्चयाने इथे आणले तोच निश्चय अभ्यास पुरा करायला उपयोगी पडेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. कॉलेजने प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही दिली. तिथल्या डीन रॅचेल बॉडली या स्वतः रसायनशास्त्र शिकवीत. समोरची मुलगी कोणत्या मापाने मोजायची ते त्यांना कळले, असेच म्हटले पाहिजे.

आता आपल्याकडे असा अर्ज कोणी वाचीत नाही. डॉक्टरकीचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. मुलीने काय सोसले, तिला काय करायचे आहे, याला गुण नाहीत. त्यात वशिल्याला जागा उरत नाही, ही चांगली बाजू आहे, मी ती नाकारीत नाही. पण कोणी विचारले नाही तरी असा अर्ज मुलीने घरी बसून एकदा स्वतःसाठी लिहावा, असे मी आता अभ्यासिकेत सांगू लागले आहे. मला काय येते, काय येत नाही, पैसे कुठून येणार, आणि हे सगळे कशासाठी. ज्या मुलींनी लिहिला, त्यांपैकी एकीने तो लिहिल्यावर डॉक्टर होण्याचा विचार सोडला आणि ती आज आनंदाने शिक्षिका आहे. तिच्या आईचा माझ्यावरचा राग अजून गेलेला नाही.

त्या कॉलेजची थोडी माहिती सांगते. बायकांना डॉक्टरकी शिकवण्यासाठीच ते १८५० साली निघाले. गोऱ्यांच्या देशात बायकांना पायघड्या घातल्या होत्या अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. आनंदीबाई जाण्याच्या चौदाच वर्षे आधी, नोव्हेंबर १८६९ मध्ये, या कॉलेजच्या विद्यार्थिनी तिथल्या मोठ्या इस्पितळात रोग्यांवरचे पाठ ऐकायला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली, त्यांच्यावर कागदाचे बोळे फेकले, थुंकलेही. मुंबईत पुस्तके घेऊन रस्त्याने जाताना लोकांची थट्टा ऐकलेल्या आनंदीबाईंना हे सारे ओळखीचे वाटले असते.

१८८३ च्या ऑक्टोबरात कॉलेज सुरू झाले. मावशी आपल्या घरी परतल्या आणि अठरा वर्षांची ही मुलगी फिलाडेल्फियात खोलीवर राहू लागली. आता मी ज्या जागी आले आहे तिथे मला थोडे थांबायचे आहे.

त्या खोलीत शेगडीची, म्हणजे भिंतीतल्या चुलाण्याची, व्यवस्था धड नव्हती. जाळ केला की धूर बाहेर जाण्याऐवजी खोलीत कोंडे. जाळ न करावा तर थंडी. ती थंडी म्हणजे आपल्याकडची डिसेंबरातली नव्हे, बाहेर बर्फ पडते ती. तेव्हा धूर पत्करायचा की गारठा, एवढीच निवड हातात. त्यात अंगावर नऊवारी लुगडे. काष्ट्यामुळे पोटऱ्या उघड्या राहात आणि थंडीने फुटत. बूट, मोजे, लोकरी झगा घालून हा प्रश्न एका दिवसात सुटला असता, पण सभेत दिलेले वचन आडवे आले. शेवटी त्यांनी पाय झाकले जावेत म्हणून गुजराती पद्धतीने पाचवारी नेसायला सुरुवात केली. हेही नवऱ्याला पत्राने कळवून, कारणे देऊन. थंडी वाजते म्हणून पातळ कसे नेसावे, याचा खुलासा दहा हजार मैलांवरून करावा लागत होता! जेवणाचेही तसेच. मांसाहार नाही. तिथल्या हिवाळ्यात शाकाहारी माणसाला मिळणार काय, तर बटाटे, पाव, दूध. दिवसभर व्याख्याने, संध्याकाळी येऊन स्वतः रांधायचे, आणि त्या धुरात किंवा गारठ्यात रात्री वाचत बसायचे.

आणि अभ्यास तरी कोणता? रसायन, शरीररचना, इंद्रियविज्ञान, औषधिविज्ञान, प्रसूतिशास्त्र, शस्त्रक्रिया. शाळेचे तोंड नीट न पाहिलेल्या मुलीने, परक्या भाषेत. प्रेत फाडून शिकायचे. ज्या घरात सुतकाचा, विटाळाचा एवढा विचार, त्या घरातली ही मुलगी. हे तिने कसे निभावले असेल, याची कल्पना ज्यांच्या घरी पहिल्या वर्षाची मुलगी आहे त्यांना येईल. माझी मुलगी पहिले पंधरा दिवस जेवणाच्या ताटावरून उठत होती.

आनंदीबाईंना वर्ष-दीड वर्षात त्रास सुरू झाला. ताप, खोकला, मधूनच घेरी येऊन पडणे. पत्रांतून त्या याबद्दल बेताचेच लिहीत. अभ्यासाबद्दल, देशातल्या बायकांबद्दल, तिकडच्या चालीरीतींबद्दल पुष्कळ लिहीत. गोपाळरावांच्या पत्रांतून संशय येई, टोमणे येत. त्यांची उत्तरे देण्यातही त्यांची शक्ती जाई. तो रोग क्षयाचा होता. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने मार्च १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई कॉलेजात जाण्याच्या फक्त दीड वर्ष आधी, जगाला दाखवले होते. पण शत्रू दिसला म्हणून शस्त्र हाती येत नाही. क्षयावरचे पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. तोवर चांगली हवा, ऊब, सकस अन्न आणि विश्रांती एवढाच उपाय. ज्या मुलीला यातले काहीच मिळत नव्हते, ती इतरांना बरे करण्याची विद्या शिकत होती.

आता माझ्या घरचे सांगते. माझी मुलगी एका मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहात राहात होती. कुठल्या, ते सांगण्याचे कारण नाही. एका खोलीत तिघी. खिडकी होती, ती एका बंद बोळात उघडे. पावसाळ्यात भिंतीला हात लावला की ओला होई. मी ती खोली पहिल्या दिवशी पाहिली होती. पाहून म्हटले, असू दे, शिकायला आली आहे, राहायला नव्हे. दर रविवारी फोन होई, आणि मी विचारीत असे की परीक्षा कधी, गुण किती, पुढच्या मुलीला किती मिळाले. तिसऱ्या वर्षाला ती इस्पितळात रोग्यांमध्ये काम शिकू लागली. महिना-दीड महिना खोकत होती, संध्याकाळी अंग तापे, ते तिने मला सांगितले नाही. हजेरी कमी पडेल ही भीती, आणि आईला काळजी कशाला. दिवाळीला घरी आली तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तपासले तेव्हा छातीत पाणी झाले होते. क्षय. सहा महिने गोळ्या घेतल्या, बरी झाली, एक परीक्षा मागे राहिली ती पुढे दिली. आज ती चांगली काम करते आहे. ज्या दुखण्याने आनंदीबाई गेल्या, तेच दुखणे सहा महिन्यांच्या गोळ्यांनी गेले. मी त्या सहा महिन्यांत तिच्या उशाशी बसून आनंदीबाईंचे चरित्र पुन्हा वाचले. त्या धुराच्या खोलीशी आले आणि पुस्तक मिटले.

म्हणून भगिनींनो, क्लास कोणता आणि कॉलेज कोणते, हे विचाराल तेव्हा मी तुम्हाला आधी विचारीन, खोली पाहिलीत का? उजेड येतो का, भिंत ओली आहे का, मेसमध्ये डाळ आणि दूध मिळते का, त्या गावात रविवारी जाऊन जेवावे असे एखादे घर आहे का? मुलगी खोकते का, हे गुणांच्या आधी विचारा. इस्पितळात रोग्यांच्या सहवासात राहणाऱ्या मुलांना क्षय होण्याची भीती आजही आहे. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर तपासून घ्यावे, त्यात लाज नाही आणि वर्ष वाया जात नाही. पैशाचा हिशेब मांडताना फी मांडतो, पुस्तके मांडतो, तसा दुधाचा आणि फळांचाही मांडावा.

पुन्हा फिलाडेल्फियाकडे वळू. तिथल्या दिवसांत सगळे दुःखच होते असे मुळीच नाही. डीन बॉडली यांनी या मुलीवर माया केली. सुट्टीत मावशींचे घर होते. वर्गात आणि वसतीत देशोदेशीच्या मुली होत्या. ऑक्टोबर १८८५ मधला एक फोटो प्रसिद्ध आहे. तिघी जणी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. एक जपानची केई ओकामी, एक सीरियाची साबात इस्लामबूली आणि तिसरी आपली आनंदीबाई, साडीत. केई ओकामी १८८९ साली आणि इस्लामबूली १८९० साली डॉक्टर झाल्या. तो फोटो मिळाला तर जरूर पाहा. आनंदीबाईंचा चेहरा मला त्यात वयापेक्षा फार थोर वाटतो, पण हे मला पुढचे ठाऊक असल्यामुळेही असेल.

१८८५ सालीच गोपाळराव अमेरिकेत येऊन पोचले. त्यांना वाटले होते की बायको बिघडली असेल. तिने वचन अक्षरशः पाळलेले पाहिले. त्यांनी मात्र ठिकठिकाणी व्याख्याने देऊन अमेरिकन समाजावर आणि मिशनऱ्यांवर टीका सुरू केली. ज्यांनी बायकोला आधार दिला त्यांच्याच गावात. आजारी माणसाने, परीक्षेच्या वर्षात, हा मनस्ताप कसा सोसला असेल? मला गोपाळरावांचा इथे जेवढा राग येतो तेवढा त्या माराचाही येत नाही.

शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा असे. आनंदीबाईंनी विषय घेतला तो प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. परदेशात जाऊन आपल्याकडचे संस्कृत ग्रंथ धुंडाळले. यामागे अभिमान होताच, पण मला वाटते, दहा दिवसांचे ते मूलही होते. ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. त्यांच्या दूरच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई त्या समारंभासाठी मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीपर्यंत ही बातमी गेली. पाश्चात्य वैद्यकाची पदवी मिळवलेली आपली पहिली मुलगी, असा त्यांचा गौरव झाला. त्याच १८८६ साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीचे शिक्षण पुरे केले, तेव्हा पहिली कोण यावर लोक वाद घालतात. मला तो वाद निरर्थक वाटतो. दोघी एकाच वर्षी उभ्या राहिल्या, ही केवढी गोष्ट आहे!

पदवीनंतर अनुभवासाठी त्या बोस्टनच्या बायका-मुलांच्या इस्पितळात गेल्या, पण प्रकृतीने साथ दिली नाही, थोड्याच काळात ते सोडावे लागले. दरम्यान कोल्हापूर संस्थानाकडून नेमणुकीचे पत्र आले होते. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाची प्रमुख डॉक्टर, असा तो हुद्दा. ज्या कोल्हापुरातून आठ वर्षांपूर्वी गोपाळरावांनी ते पहिले पत्र टाकले होते, तिथेच मानाने परत जायचे. ऑक्टोबरात दोघे निघाले आणि नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईला उतरले. ज्या जातीने वाळीत टाकायचे, तिच्यातली माणसे बघायला आणि कौतुक करायला लोटली. पण जी उतरली ती बिछान्याला खिळण्याच्या बेतात होती. पुण्याला आणले, औषधोपचार झाले, उतार पडला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना राहिला होता. कोल्हापूरच्या त्या जागेवर त्या एक दिवसही बसल्या नाहीत. मिळवलेल्या विद्येने स्वतंत्रपणे रोगी तपासण्याची वेळ त्यांच्यावर आलीच नाही.

कॅरोलिन डॉल या अमेरिकन बाईंनी पुढच्याच वर्षी, १८८८ साली, त्यांचे इंग्रजी चरित्र छापले. शुक्रावरच्या एका विवराला त्यांचे नाव आहे, असेही वाचले. चांगलेच आहे.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा मावशींकडे अमेरिकेला पाठवली. कार्पेंटर मावशींनी ती न्यूयॉर्क प्रांतातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, आपल्या घराण्याच्या जागेत, आपल्या माणसांच्या शेजारी ठेवली आणि वर नावाचा दगड बसवला. तो दगड अजून तिथे आहे.